स्फटिक कुणाचा, पत्र कुणाला

पत्रकात मागणी आधी लिहायची आणि कारणं नंतर, असं मला विद्यार्थी संघटनेनं शिकवलं. वाचणारा चालता चालता वाचतो. पहिल्या ओळीत काही कळलं नाही तर कागद नालीत जातो. तेव्हा तसंच लिहिते. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत एक जागा होती, ती मला पाहिजे होती, ती सेलूच्या मुलीला मिळाली, आणि मी जळले. अजूनही जळते. कारणं आता खाली.

आम्ही दोघी परभणीच्या एका कॉलेजात जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या वर्गात एकमेकांना गावावरून हाक मारायची रीत आहे. ती सेलू, मी ताडकळस. तिचे वडील शाळेत संस्कृत शिकवतात आणि कुणी बोलावलं तर सत्यनारायण सांगायला जातात. आमच्या घरी शेती, दोन म्हशी आणि मायच्या कोंबड्या. तिचं अक्षर छापल्यासारखं. माझं अक्षर घोषणेसारखं, लांबून वाचता येतं, जवळून नाही. दोन वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो, एकाच डब्यात जेवलो, आणि मला तिचा राग कधी आला नव्हता, कारण माझ्याकडं नसलेलं असं काही तिच्याकडं आहे हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जानेवारीत आमच्या सभागृहात व्याख्यान झालं. फलकावर विषय लिहिला होता: रेण्वीय आणि संरचनात्मक जीवशास्त्रातील संशोधनाच्या संधी. वक्ते पुण्याहून आले होते. त्यांनी पडद्यावर एक जिना दाखवला. खालच्या पायरीवर प्रकल्प सहायक, त्यावर कनिष्ठ संशोधक, मग पीएच.डी., मग परदेशात दोन-चार वर्षं, आणि सगळ्यात वर स्वतःची प्रयोगशाळा. बाजूला आणखी एक जिना, औषधाच्या आणि लसीच्या कंपन्यांचा, आणि संगणकावर प्रथिनांचे आकार मांडणाऱ्यांचा. माणूस वाईट नव्हता, आणि विषय तर मला वेड लावणारा होता. पेशीतलं सगळं काम प्रथिनं करतात, आणि प्रत्येक प्रथिनाला एक घडी असते. ती घडी दिसली की ते काम कसं करतं ते कळतं, आणि औषध नेमकं कुठल्या खोबणीत बसवायचं तेही कळतं. एवढी साधी गोष्ट मला कुणी दोन वर्षांत सांगितली नव्हती. नोट्समध्ये होती, पण नोट्समध्ये असणं वेगळं.

मग ते म्हणाले, "संधी भरपूर आहेत. कमी आहेत ते तयार विद्यार्थी."

मी उभी राहिले. हे वाक्य ऐकून मी बसून राहूच शकत नाही. नोकरी नाही तर विद्यार्थी तयार नाहीत, बस नाही तर प्रवासी नाहीत. दोष कायम खालीच घरंगळतो.

"सर, जिना दिसला," मी म्हणाले. "आमच्या कॉलेजातून तुमच्या पहिल्या पायरीपर्यंतची एसटी किती वाजता आहे, तेवढं सांगा."

सभागृह हसलं. प्राचार्य हसले नाहीत. वक्ते चिडले नाहीत, याचा मला थोडा रागच आला. त्यांनी माईक खाली ठेवला आणि म्हणाले, "पहिल्या पायरीला फक्त मार्क पुरत नाहीत. ज्या माणसानं तुझं काम रोज जवळून पाहिलंय, त्याचं पत्र लागतं. आणि त्या माणसाला पत्रात लिहिण्यासारखं काहीतरी तुला करावं लागतं."

चहाच्या वेळी ते आमच्या मॅडमशी बोलले. मॅडम स्वतः असल्या मोठ्या प्रयोगशाळेत काम करून, घरच्या अडचणींमुळं परभणीला परत आलेल्या. वक्त्यांच्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेला, हैदराबादला, एक वर्षासाठी प्रकल्प सहायक हवी होती. अट एकच: स्वतःच्या हातानं प्रथिनाचा स्फटिक वाढवलेला पाहिजे. प्रथिनाची घडी डोळ्यांना दिसत नाही. त्याचा स्फटिक करून क्ष-किरण सोडले तर दिसते. म्हणून स्फटिक.

मॅडमनी दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, कोण करणार. दोन हात वर झाले.

प्रथिन आम्ही अंड्यातून काढलं. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यात एक प्रथिन असतं, त्याचा स्फटिक करणं सगळ्यात सोपं मानतात. बाजारात ते शुद्ध पावडरीच्या रूपात मिळतं, पण आमच्या कॉलेजात पावडर मागवायची म्हणजे तीन सह्या आणि एक वर्ष. म्हणून ताडकळसहून मीच अंडी आणली, मायच्या गावरान कोंबड्यांची, भुशात घालून, बसमध्ये मांडीवर धरून.

"अंड्यातून काय काढायलीस गं?" मायनं विचारलं.

"प्रथिन."

"आन् पिवळ्याचं काय करतीस?"

"टाकून देतो."

"येवढं शिकून पिवळं टाकायला शिकलीस व्हय," माय म्हणाली, आणि पुढच्या खेपेला दोन अंडी कमी दिली.

सेलूच्या घरात अंडं येत नाही. तिनं आयुष्यात अंडं फोडलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं नाकाला ओढणी बांधली आणि अंडं असं धरलं की जणू ते चावणार आहे.

"वास लय येतो गं."

"अजून फोडलंयस कुठं," मी म्हणाले.

चौथ्या अंड्याला तिचा हात माझ्याहून साफ झाला. पिवळ्याचा एक धागा पांढऱ्यात जाऊ दिला नाही. मी तेव्हा हसले होते. आता वाटतं, जळायला तिथूनच सुरुवात झाली असेल, फक्त मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

काम असं असतं. चोवीस खड्ड्यांची एक पारदर्शक पेटी. प्रत्येक खड्ड्यात मिठाचं पाणी, थोड्या थोड्या वेगळ्या प्रमाणात. वर काचेची गोल चकती, आणि चकतीच्या खालच्या अंगाला प्रथिनाचा एक थेंब लटकलेला. कडेनं ग्रीस लावून बंद. थेंबातलं पाणी हळूहळू खालच्या मिठाकडं ओढलं जातं, थेंब घट्ट होत जातो, आणि एखाद्या दिवशी त्यात काहीतरी चमकतं. विकतचं शुद्ध प्रथिन एक-दोन दिवसांत चमकतं. आमचं हट्टी होतं. दोघींना एकेक पेटी, एकेक वही, सहा आठवडे. रोज सकाळी अकराला सूक्ष्मदर्शकाखाली चोवीसही थेंब बघायचे आणि लिहायचं: वेळ, खोलीचं तापमान, थेंबात काय.

"काही झालं नाही, तर काही झालं नाही असं लिहा," मॅडम म्हणाल्या. "रिकामी जागा सोडायची नाही. पत्र मी वही बघून लिहिणार आहे."

हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण माझ्या कानानं ऐकलं ते असं: स्फटिक जिचा, पत्र तिचं.

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती खोली वीस अंशांवर थंड राहत होती ती माझ्यामुळं. परभणीत लाइट जाते, आणि कॉलेजच्या जनरेटरवर प्राचार्यांची खोली आणि सभागृह एवढंच चालायचं. मागच्या वर्षी आम्ही तीन दिवस प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसलो. पत्रक मी लिहिलं: "भाषणाला थंडावा, प्रयोगाला घाम." चौथ्या दिवशी प्रयोगशाळेचा एसी जनरेटरला जोडला गेला. त्या तीन दिवसांत सेलू एकदाही बसली नाही. ग्रंथालयात नोट्स काढत होती. बाबांना आवडत नाही म्हणाली. आमच्या चळवळीत हे नेहमीचं आहे. बसणारे बसतात, शिव्या खातात, हजेरी बुडवतात, आणि जे मिळतं ते सगळ्यांना मिळतं, न बसलेल्यांना आधी, कारण त्यांची हजेरी भरलेली असते. मी हे पत्रकात कधी लिहिलं नाही. लिहायला पाहिजे होतं.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या पेटीतल्या पाच-सहा थेंबांत बारीक कण दिसले. तिच्याही. दोघीही खूश होतो. पण मला पुढच्या सोमवारपासून चार दिवस पूर्णेला जायचं होतं. ताडकळसहून सकाळी निघणारी बस नऊनंतर परभणीला टेकते, आणि कॉलेजांची प्रात्यक्षिकं आठला सुरू होतात. आमच्या पूर्णा तालुक्यातल्या मुलींची पहिली प्रात्यक्षिकं बुडतात आणि वर्षाच्या शेवटी त्यांना सांगतात की तुम्ही तयार नाही. एक बस एक तास आधी सोडा, एवढीच मागणी. पूर्णेच्या बसस्थानकावर चार दिवस धरणं.

आमच्यात बातमी आधी लिहायची पद्धत आहे. मोर्चा अकराला निघणार असतो, आणि "मोर्चाला उत्स्फूर्त प्रतिसाद" ही बातमी मी सकाळी आठलाच टाइप करून ठेवते, कारण वार्ताहराला ती दुपारच्या आत लागते. त्यात खोटं असतं असं मला कधी वाटलं नाही. मोर्चा निघायचाच, माणसं यायचीच, निवेदन दिलं जायचंच. होणारच आहे ते आधी लिहिलं, एवढंच.

रविवारी मी प्रयोगशाळेत गेले आणि वहीत चार दिवस लिहून टाकले. सोमवार, सकाळी अकरा, वीस अंश, बारीक कण तसेच, बदल नाही. मंगळवार, तसंच. बुधवार, तसंच. गुरुवारी एका थेंबात "कण किंचित मोठे वाटतात" असं लिहिलं, सगळं एकसारखं दिसू नये म्हणून. पूर्णेची बातमीही मी त्याच बैठकीत लिहिली.

सोमवारी दुपारी परभणीत लाइट गेली. जनरेटर कॉलेजच्या मैदानावर कुठल्याशा कार्यक्रमाला ओढून नेला होता. एसी बुधवार संध्याकाळपर्यंत बंद. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी कुणाला विचारलं नाही.

शुक्रवारी आले तेव्हा खोली थंड होती. मी पेटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बारीक कण कुठंच नव्हते. पण बाराव्या थेंबात एक स्फटिक होता. एकच. स्वच्छ कडांचा, कापून काढल्यासारखा, पेटी तिरकी केली की उजेड आतून फिरायचा. मी इतकं शांत काही कधी बघितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो वाढतच गेला. सगळा वर्ग बघून गेला. शिपाईमामा बघून गेले आणि म्हणाले, "खडीसाखर हाय की." सेलूच्या पेटीत कण खूप होते पण सगळे बारीक, रवा सांडल्यासारखे.

ती माझा स्फटिक बघायला आली तेव्हा बराच वेळ डोळा लावून उभी होती.

"लय सुंदर हाय गं," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. मग डोळा न काढताच विचारलं, "चार दिवसांच्या नोंदी कशा केल्यास?"

"झाल्या."

"कशा?"

"लिहिल्या."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि आपल्या पेटीकडं गेली. मला वाटलं, जळायलीय. मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते इथं लिहायला लाज वाटते.

सहा आठवडे संपल्यावर मॅडमनी दोघींना बोलावलं. टेबलावर दोन्ही वह्या शेजारी शेजारी, त्याच आठवड्याच्या पानावर उघडलेल्या. माझ्या पानावर वीस अंश, वीस अंश, वीस अंश, वीस अंश. तिच्या पानावर सोमवार संध्याकाळ तीस, मंगळवार चौतीस, एसी बंद, जनरेटर मैदानावर. थेंबांतले कण निम्मे विरघळले. आणि खाली, तिच्या छापल्यासारख्या अक्षरात: "शेजारच्या पेटीतले कण दिसेनासे झाले. हात लावला नाही."

मॅडम आवाज चढवत नाहीत. त्यांनी माझ्या स्फटिकाच्या फोटोवर बोट ठेवलं. "हा इतका मोठा का आला, माहीत आहे? उन्हानं बारीक कण विरघळले, आणि खोली परत थंड झाल्यावर एका ठिकाणी सगळं गोळा झालं. हिच्या खड्ड्यांत मीठ जास्त होतं म्हणून हिचे पूर्ण विरघळले नाहीत. तुझ्या स्फटिकाचं कारण तुझ्या वहीत नाही. हिच्या वहीत आहे. उद्या तिकडं तुला कुणी म्हणालं, असाच आणखी एक करून दाखव, तर काय करशील?"

मी त्या चार वीस अंशांकडं बघत होते.

"पत्र हिला देते," त्या म्हणाल्या.

ते बरोबर होतं. त्या क्षणी मला कळलं होतं की ते बरोबर आहे. म्हणूनच मी घरी न जाता संघटनेच्या खोलीवर गेले आणि पत्रक लिहायला बसले. इतकं भराभर मी कधी लिहिलेलं नाही. मथळा आधी सुचला: "स्फटिक कुणाचा, पत्र कुणाला?" खाली प्रश्न. अंडी कुणाच्या घरची? जनरेटरसाठी पायऱ्यांवर कोण बसलं? सगळ्या वर्गानं पाहिलेला स्फटिक कुणाच्या पेटीतला? प्रत्येक ओळ खरी होती. वहीचा उल्लेख नव्हता. आणि शेवटी एक ओळ प्रश्नचिन्हाआड लपवून: "शिक्षकांच्या घरच्यांना वेगळा न्याय आहे काय?" प्रश्नाला पुरावा लागत नाही. आमच्या भागात हा प्रश्न इतक्या वेळा खरा ठरलेला आहे की या वेळी खरा नाही, हे कुणाच्या मनातही येणार नव्हतं. मला ते माहीत होतं. मी त्याचाच वापर केला.

दुसऱ्या दिवशी पत्रक फाटकावर, कॅन्टीनमध्ये आणि सूचनाफलकावर होतं. दुपारी प्राचार्यांनी मॅडमना सांगितलं, चौकशी होईपर्यंत पत्र पाठवू नका. हैदराबादची मुदत शनिवारी संपत होती. तो मंगळवार होता. आमच्या कॉलेजात चार दिवसांत चौकशी समितीची नावंसुद्धा ठरत नाहीत. पत्रकाचा इतका झटपट परिणाम मी पहिल्यांदा बघितला. बससाठी चार दिवस बसलो तर डेपोवाले "विचार करू" म्हणाले होते.

गुरुवारी सकाळी ताडकळसच्या बसमधून उतरले तर सेलू बसस्थानकावर उभी. ती सेलूहून रेल्वेनं येते. बसस्थानकावर तिचं काही काम नव्हतं. माझ्यासाठी आली होती.

"पत्रक वाचलं," ती म्हणाली.

"मग?"

"चांगलं लिहिलीस. बाबांनी पण वाचलं. कुणीतरी फोनवर पाठवलं त्यांना." ती चालायला लागली, मी तिच्या बाजूनं. "म्हणाले, नको जाऊस. आपल्या घरावर असं कधी कुणी बोललं नव्हतं. पुढच्या आठवड्यात जिंतूरहून बघायला यायलेत. शनिवारी पत्र गेलं तर मी त्यांना सांगू शकते की मला नोकरी हाय, एक वर्ष थांबा. न्हाई गेलं तर सांगायला काय हाय माझ्याकडं?"

आम्ही रिक्षाथांब्यापाशी आलो.

"मॅडमला तुझ्या नोंदीचं मी सांगितलं न्हाई."

"माहीत आहे."

"मी तुला विचारले होते. तवा खरं सांगितली असतीस, तर माझ्या वहीतलं तुला उतरवून दिले असते. 'नोंद सेलूची' असं खाली लिहिलं की झालं. चालतं तसं. मॅडमनीच सांगितलं होतं."

हे मला सुचलंच नव्हतं. चार दिवस माझ्यासाठी कुणी बघेल का, एवढं विचारणं. चळवळीत मी हजार माणसांकडं हजार गोष्टी मागते, आणि एका मैत्रिणीकडं एवढं मागायचं मला सुचलं नाही. मग मला आणखीच राग आला.

"तू बसलीस का एक दिवस तरी आमच्यासोबत?" मी म्हणाले. "जनरेटर कुणी आणला? थंडी कुणामुळं होती त्या खोलीत?"

"न्हाई बसले," ती म्हणाली. "भ्याले. त्याचं पत्रक काढ की. ते खरं हाय."

आणि रिक्षात बसून गेली.

मी लगेच प्राचार्यांकडं गेले, असं लिहायला मला आवडलं असतं. गेले नाही. गुरुवार तसाच घालवला. शुक्रवारी दुपारपर्यंत मी संघटनेच्या खोलीत बसून होते आणि खरं सांगायचं तर मुदत आपोआप निघून जावी असं मनात होतं. मग मला काही करावंच लागलं नसतं, आणि जागा तिलाही नसती. मत्सर असाच असतो. त्याला स्वतःला काही मिळण्याची फार फिकीर नसते.

संघटनेतले दादा आले. त्यांना मी सगळं सांगितलं, रविवारच्या नोंदीसकट.

"मागं घेतलंस तर पुढच्या पत्रकाला लोक हसतील," ते म्हणाले. "बसचं प्रकरण अर्ध्यावर हाय. डेपोवाले तेच दाखवतील, बघा, ह्या पोरी खोटं लिहितात."

"आणि नाही घेतलं तर?"

"नाही घेतलं तर कुणाला कळणार न्हाई."

त्यांनी ते मला अडवायला म्हटलं नव्हतं. जे आहे ते सांगितलं. पण ते ऐकल्यावर मला बसवेना. कुणाला कळणार नाही या एका भरवशावर माझ्या वहीतले चार दिवस उभे होते. आता तिचं एक वर्षही त्यावरच उभं राहणार होतं, किंवा आडवं होणार होतं.

मी कागद घेतला. मागणी नाही, मथळा नाही. त्या आठवड्याच्या चार नोंदी मी रविवारी आधीच लिहिल्या होत्या. त्या चार दिवसांत मी पूर्णेला होते. खोलीचं खरं तापमान दुसऱ्या वहीत आहे. पत्र वहीवरून द्यायचं असं मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पत्रकातली शिक्षकांच्या घराबद्दलची ओळ मी पुराव्याशिवाय लिहिली. खाली सही, वर्ग, गाव. दोन प्रती. एक फाटकावर, माझ्याच पत्रकाशेजारी चिकटवली. दुसरी घेऊन प्राचार्यांकडं गेले.

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "यात माफी मागितलेली नाही."

"नाही मागितली, सर. काय झालं ते लिहिलंय."

"तुमची संघटना काय म्हणेल?"

"हसतील म्हणाले."

त्यांनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी कागद उभ्यानंच वाचला, घडी केली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी पाठवते, सर, आता." पत्र शुक्रवारी संध्याकाळी गेलं. फाटकावर पोरं माझा कागद मोठ्यानं वाचत होती. कुणीतरी म्हणालं, "लय प्रामाणिक," आणि बाकीचे हसले. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. जागा तिला मिळणार होती आणि मला नाही, एवढंच वाटत होतं, आणि आता तर त्याला माझीच सही होती.

जागा तिला मिळाली. हैदराबादला जायच्या आदल्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली. तिची पेटी अजून चालू होती. काही थेंब अजून स्वच्छ होते आणि मॅडमना त्यांचं पुढं काय होतं ते बघायचं होतं. रोज कोण बघणार, हा प्रश्न होता. मॅडम एका कनिष्ठ मुलाचं नाव घेत होत्या.

"हीच बघंल," सेलू म्हणाली, माझ्याकडं हात करून.

मॅडम थांबल्या.

"मॅडम, माझ्या पेटीकडं हिच्याइतकं बारीक कुणी बघणार न्हाई," ती म्हणाली. तोंडावर रेषही हलली नाही. मॅडमना हसू आवरावं लागलं. मला आलं नाही.

तेव्हापासून रोज अकराला मी तिचे थेंब बघते. जुन्या वह्या भरल्या, नवी वही माझ्या अक्षरात आहे. वर तिचं गाव, खाली "बघणारी" म्हणून माझं. पहिले दोन आठवडे प्रत्येक थेंबापुढं "बदल नाही" लिहिलं, आणि प्रत्येक वेळी थोडं बरं वाटलं. ज्या दिवशी मला एका बैठकीला जायचं होतं, त्या दिवशी शिपाईमामांना तापमान बघायला लावलं आणि पुढं लिहिलं: नोंद मामांची, थेंब बघितले नाहीत. मामा ती ओळ दोन दिवस सगळ्यांना दाखवत होते.

तिसऱ्या आठवड्यात, एका शनिवारी, सातव्या थेंबात काहीतरी चमकलं. मी पेटी वळवली. कडा होत्या. मी भिंग वाढवलं आणि परत बघितलं. तो माझ्या स्फटिकापेक्षा मोठा होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. चकती बोटानं जरा सरकवली असती तर थेंब वाळला असता आणि कुणालाही ते ग्रीस सैल झाल्यासारखंच वाटलं असतं. हे माझ्या मनात आलं, म्हणून लिहिते. पेटी खाली ठेवली, हात मांडीवर ठेवले, आणि थोड्या वेळानं मोजपट्टीची काच लावून मोजलं. मग बाहेर जाऊन तिला फोन केला.

ती तिकडं अजून कुठल्याही मोठ्या यंत्राला हात लावत नाही. काचेची भांडी धुते, आणि द्रव नायट्रोजनची टाकी भरताना बाजूला उभी राहते, हातमोजे घालून. हे तिनं आधीच्या फोनवर सांगितलं होतं, तक्रार म्हणून. मला ऐकताना ती टाकी, तो पांढरा धूर, ते हातमोजे, सगळं पाहिजे झालं होतं.

"सातव्यात आलाय," मी म्हणाले.

"केवढा?"

"माझ्यापेक्षा मोठा."

"ते माप न्हाई. आकडा सांग."

आकडा सांगितला.

"तापमान?"

"एकवीस. दोनदा बघितलं."

ती लिहून घेत होती. मागं कुणीतरी तेलुगूत काहीतरी विचारलं आणि तिनं हिंदीत "दो मिनट" म्हटलं. दोन महिन्यांपूर्वी तिचा आवाज असा नव्हता.

"जळायलीस का अजून?" तिनं विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप."

"बरं," ती म्हणाली. "मॅडमना विचार, पुढच्या वर्षी इथं परत एक जागा निघणार हाय, असं ऐकायलेय. पण पत्र कशावर लिहितात ते तुला म्हाईत हाय."

"वहीवर."

"माझ्या न्हाई. तुझ्या. तुझी पेटी परत लाव. आजच लाव."

अंडी संपली होती. मी मायला फोन लावला.